वाचकांचे प्रश्न : रोजच्या गाडीत शर्यतीचा हार्नेस

प्रश्न : माझी गाडी रोज रस्त्यावर धावते आणि वर्षातून चार-पाच वेळा ट्रॅक डेला (स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्याच्या दिवशी) जाते. वेगाने वळण घेताना मी सीटवर एका बाजूला सरकतो, म्हणून चार बिंदूंचा हार्नेस, म्हणजे गाडीला चार ठिकाणी जोडलेला, दोन्ही खांदे व कमर धरून ठेवणारा शर्यतीचा पट्टा बसवावा असे मनात आहे. खांद्याचे पट्टे मागच्या सीटबेल्टच्या खालच्या बोल्टांना बांधता येतील आणि मूळ सीटबेल्ट काढून टाकला तरी चालेल, असे गॅरेजमध्ये सांगितले. हे सुरक्षित आणि कायद्याला धरून आहे का?

उत्तर : मूळ सीटबेल्ट कोणत्याही परिस्थितीत काढू नका. हार्नेस बसवायचा असेल तर तो मूळ बेल्टच्या जोडीला, आणि फक्त ट्रॅकवर वापरण्यासाठी बसवा. हे इतक्या आग्रहाने सांगण्याचे कारण असे की हार्नेस म्हणजे अधिक चांगला सीटबेल्ट, हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि तो जिवावर बेतू शकतो.

निल्स बोलिन यांनी 1959 मध्ये व्होल्वोसाठी तयार केलेला तीन बिंदूंचा पट्टा आज गाडीच्या संपूर्ण सुरक्षारचनेचा एक भाग झालेला आहे. टक्कर होताच प्रीटेन्शनर काही मिलिसेकंदांत पट्टा आवळतो, त्यानंतर छातीवरचा ताण ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ लागला की लोड लिमिटर पट्टा थोडा सैल सोडतो, आणि तेवढ्या वेळात पुढे येणाऱ्या शरीराला एअरबॅग झेलते. ही सगळी वेळ तीन बिंदूंच्या पट्ट्यात बसलेल्या माणसाच्या हालचालीवरून ठरवलेली असते. शर्यतीच्या हार्नेसमध्ये यांपैकी काहीच नसते, कारण तो ज्या गाडीसाठी बनतो तिथे शरीराला बाजूंनी धरणारी एकसंध बकेट सीट, रोल केज (गाडीच्या आतला पोलादी नळ्यांचा पिंजरा), हेल्मेट आणि डोके धरून ठेवणारे साधन गृहीत धरलेले असते. त्या साखळीतली एकच कडी उचलून आपल्या गाडीत आणली की उरलेल्या कड्यांचे काम कोणीच करत नाही.

सर्वांत मोठा धोका मानेला असतो. दोन्ही खांदे सीटला घट्ट जखडले की समोरून टक्कर झाल्यावर धड जागच्या जागी थांबते, परंतु चार-पाच किलोचे डोके थांबत नाही. त्याचा सगळा झटका मान आणि कवटीचा तळ यांवर येतो. 2001 मध्ये डेटोना येथील शर्यतीच्या शेवटच्या फेरीत अमेरिकी शर्यतपटू डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने झाला, आणि त्याच वर्षी त्या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेने डोके धरून ठेवणारे साधन सक्तीचे केले. रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी विकसित केलेले हान्स हे असेच साधन आहे. ते हेल्मेटला जोडावे लागते, आणि हेल्मेट घालून रोजच्या रहदारीत गाडी चालवली तर आजूबाजूचे दिसणे आणि ऐकू येणे दोन्ही कमी होते. म्हणजे हार्नेससोबत जे हवे, ते रस्त्यावर नीट वापरताच येत नाही.

गाडी उलटली तर काय होते, याचाही विचार करा. तीन बिंदूंच्या पट्ट्यात धड थोडे बाजूला कलू शकते, त्यामुळे छत दबले तरी डोक्याला थोडी जागा मिळण्याची शक्यता राहते. हार्नेसमध्ये माणूस ताठ बसलेला राहतो. छत खाली आले तर ते सरळ डोक्यावर येते. यावर उपाय रोल केज, असे कोणी सांगेल. पण हेल्मेटशिवाय बसलेल्या माणसाच्या डोक्याजवळून जाणारी उघडी पोलादी नळी किरकोळ अपघातातही घातक ठरू शकते.

आता आपल्या चार बिंदूंविषयी. यात पायांमधून येणारा पट्टा नसतो. शरीर पुढे फेकले गेले की खांद्यांचे पट्टे बकलला वर ओढतात, त्याबरोबर कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांवरून सरकून मऊ पोटावर चढतो आणि शरीर त्याखालून पुढे घसरू लागते. त्या क्षणी यकृत, प्लीहा आणि आतडी यांवर जो दाब येतो, तो सोसण्यासाठी ती बनलेली नाहीत. म्हणूनच पायांमधल्या पट्ट्यांसह येणारा सहा बिंदूंचा हार्नेस निवडावा. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. श्रोथसारख्या उत्पादकांच्या काही चार बिंदूंच्या हार्नेसमध्ये एका खांद्याच्या पट्ट्याची घडी मुद्दाम शिवलेली असते. जोराचा ताण आला की ती शिवण उसवते, तो पट्टा थोडा लांबतो, धड किंचित वळते आणि कमर जागेवर राहते. अशा हार्नेसला दिलेली मान्यता ठरावीक गाड्यांपुरती आणि ठरावीक जोडणीपुरतीच असते, हे त्याच्या कागदपत्रांत वाचून घ्यावे.

गॅरेजने सुचवलेल्या बोल्टांची ताकद पुरेशी असेलही, पण खरा प्रश्न कोनाचा आहे. घरच्या घरी करून पाहा : एक ओढणी खांद्यावरून घ्या, पुढचे टोक हाताने छातीशी धरा आणि मागचे टोक दुसऱ्या कोणाला आधी पाठीमागे आडव्या रेषेत, मग जमिनीच्या दिशेने ओढायला सांगा. दुसऱ्या वेळी खांदा खाली दाबला जातो, तो भार पाठीचा कणा घेतो. टकरीत पट्टा 45 अंशांनी खाली जात असेल तर त्यातल्या ताणाचा सुमारे 70 टक्के भाग खालच्या दिशेने लागतो, आणि हे दोन्ही खांद्यांवर एकाच वेळी घडते. एफआयए या मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांनुसार खांद्यांचे पट्टे सीटच्या पाठीवरून मागे जाताना 45 अंशांपेक्षा जास्त उतरता कामा नयेत आणि शक्यतो 10 अंशांच्या आत असावेत. यासाठी साधारण खांद्याच्या उंचीवर हार्नेस बार, म्हणजे सीटमागे आडवा बसवलेला दांडा लागतो. शिवाय मागे-पुढे झुकणाऱ्या मूळ सीटला पट्टे ओवण्यासाठी छिद्रे नसतात, त्यामुळे पट्टे खांद्यांवरून बाहेर घसरू शकतात. सीट बदलली तर तिच्यातली बाजूची एअरबॅग आणि आसनावर कोणी बसले आहे हे ओळखणारा सेन्सर दोन्ही जातात.

पट्टे जोडण्यासाठी नवे बिंदू पाडायचे असतील तर पत्र्याला भोक पाडून बोल्ट कसणे पुरेसे नाही. 75 किलोच्या माणसाला 20 जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या 20 पट) झटका बसला तर पट्ट्यांना मिळून दीड टनाचा भार पेलावा लागतो. एफआयएच्या नियमात खांद्याच्या आणि कमरेच्या प्रत्येक बिंदूने 1470 डेकान्यूटन, म्हणजे सुमारे दीड टन भार सोसावा अशी अपेक्षा आहे, आणि नव्या बिंदूखाली किमान 40 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची व 3 मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी घालावी असे सांगितले आहे. मी एकदा एका गाडीखाली आडवा होऊन पाहिले, तर पट्टा अडकवायच्या कडीच्या बोल्टखाली (आयबोल्टखाली) रुपयाएवढा वॉशर होता. पाना लावून थोडा जोर देताच भोवतीचा पत्रा डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर होऊ लागला. गाडीचा मालक त्याच हार्नेसवर विसंबून अनेकदा ट्रॅकवर जाऊन आलेला होता. पट्ट्याच्या जाहिरातीत लिहिलेली ताकद त्या पत्र्यापाशी संपते.

कायद्याची बाजू. एफआयएचे किंवा एसएफआयचे (शर्यतीच्या सुरक्षासामानाची मानके ठरवणारी अमेरिकी संस्था) लेबल शर्यतीसाठी असते. ते रस्त्याची परवानगी नव्हे. रस्त्यावरच्या बेल्टसाठी अनेक देश संयुक्त राष्ट्रांचा विनियम 16 आणि बेल्ट जोडण्याच्या बिंदूंसाठी विनियम 14 मानतात, तर अमेरिकेत एफएमव्हीएसएस (वाहन सुरक्षेची संघीय मानके) 209 व 210 लागू आहेत. विनियम 16 ची मान्यता असलेल्या पट्ट्याच्या लेबलवर वर्तुळात मोठे ई अक्षर आणि देशाचा क्रमांक असतो. हे चिन्ह नसेल तर रस्त्यावर मूळ बेल्टऐवजी तो हार्नेस लावू नका. चिन्ह असले तरी आपल्या वाहन नोंदणी कार्यालयाकडून हा बदल चालतो का, हे लेखी घ्या. विमा कंपनीलाही आधी लेखी कळवा. अपघातानंतर हा बदल उघड झाला, तर दावा अडण्याचे कारण आपणच हाती दिलेले असते.

प्रश्न : माझ्याकडे मूळ बेल्ट आणि हार्नेस दोन्ही आहेत. ट्रॅकवरून घरी येताना हार्नेसच थोडा सैल करून लावला तर चालेल का?

उत्तर : नाही. सैल हार्नेस सगळ्यांत वाईट. त्यात मूळ बेल्टसारखा आपोआप अडकणारा रीळ नसतो, त्यामुळे जेवढी ढील ठेवाल तेवढे अंतर शरीर मोकळेपणाने पुढे जाते आणि मग एकदम थांबते. घट्ट लावला तर चौकात वाकून डावी-उजवीकडे पाहता येत नाही. अपघात झाला तर मदतीला धावणारा अनोळखी माणूस नेहमीच्या सीटबेल्टचे लाल बटण शोधतो. हार्नेसचे फिरवून उघडायचे बकल त्याने कधी पाहिलेले नसते. ट्रॅकच्या फाटकातच मूळ बेल्ट लावा आणि हार्नेसचे पट्टे सीटमागे नीट बांधून ठेवा, म्हणजे ते पेडलपाशी येणार नाहीत.

प्रश्न : जुना, पण चांगला दिसणारा हार्नेस विकत घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये. उन्हाने पट्ट्यातला धागा कमजोर होतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. एसएफआयची मुदत 2 वर्षांची असते, तर एफआयएच्या लेबलवर शेवटचे वर्ष छापलेले असते. एकदा अपघातात ताणला गेलेला हार्नेस मुदतीत असला तरी बाद समजावा, आणि आधीच्या मालकाच्या हातून काय झाले होते हे विकणाऱ्याच्या शब्दाशिवाय आपल्याला कळत नाही.