तेकाँगला निघण्याआधी

तुझं बोलावणं आलं, म्हणजे आता दोन वर्षं सिंगापूरच्या सक्तीच्या लष्करी सेवेची. माझी संपून बराच काळ लोटला, तरी नव्या जवानांचं प्रशिक्षण होतं त्या तेकाँग बेटाकडे निघालेली ती फेरी अजून डोळ्यांसमोर आहे. सगळ्यात आधी पायांना जप. जास्तीचे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे ठेव, रात्री पावडर लाव. शेवटच्या २४ किलोमीटरच्या मार्चला तेच कामी येतं.

फील्ड कॅम्पमध्ये, म्हणजे उघड्यावरच्या सराव-शिबिरात, घरची पत्रं वाटतात. चिखलानं माखलेल्या हातांनी आईचं पत्र उघडलं आणि मी ढसाढसा रडलो. तुलाही रडू आलं तर रड, बिनधास्त. शेजारचा चिनी, मलय पोरगाही रडत असतो. तिथेच दोस्ती जुळते. माझी अजून टिकून आहे. आईला मात्र आजच सांग, पत्र मराठीतच लिही म्हणावं.