रंग मे महिन्यात, होडी पाण्यात ऑक्टोबरमध्ये

पावसाळ्याआधी होडी रंगवून घेणाऱ्यांकडून असे प्रश्न नेहमी येतात. शिवोलीच्या या वाचकाने फायबरच्या छोट्या शिडाच्या होडीला वास्कोच्या एका यार्डात, ट्रेलरवरच, मे महिन्यात अँटिफाउलिंग रंग (तळाला शेवाळ, शिंपले चिकटू न देणारा) लावून घेतला. ऑक्टोबरमध्ये ती शापोरा नदीत उतरवली. डिसेंबरपर्यंत तळाला बार्नेकल, म्हणजे चिकटून बसणारे कवचधारी जीव, आणि शेवाळ. शिवाय ट्रेलरच्या फळ्यांवर तळ टेकतो तिथे दोन पट्टे कोरेच राहिलेले. यार्ड बिलामागच्या अटीकडे बोट दाखवते: रंग कंपनीच्या माहितीपत्रकातील मुदतीत होडी पाण्यात उतरवली नाही तर हमी नाही. रंग लावून आता पावणेदोन वर्षे झाली. आता तळ खरवडून नवा रंग द्यावा का, असे ते विचारतात.

खरवडू नका. आधी एकच तारीख शोधा: होडी यार्डातून बाहेर कधी पडली? तुमच्या लांबलचक पत्रात नेमकी तीच नाही.

काही अँटिफाउलिंग रंग फार काळ कोरडे राहिले की निकामी होऊ लागतात, काही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून त्याच रंगाचे माहितीपत्रक मिळवा, त्याच कंपनीच्या दुसऱ्या रंगाचे चालणार नाही. मुदत संपेपर्यंत होडी यार्डाच्याच आवारात असेल, तर ती अट तुमच्यावर उलटवणे यार्डाला जड जाईल. पावसाळाभर होडी बाहेर राहणार हे माहीत असूनही त्यांनी मुदत सांगितली नसेल, तर महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) प्रमाणे सेवेतील त्रुटीच आहे. मात्र होडी जूनमध्येच तुमच्या अंगणात आली असेल, तर बिल न वाचता सही केल्याची किंमत तुम्हालाच मोजावी लागेल. अशा वेळी बार्नेकलबद्दलच्या दाव्यात मला फारसा दम दिसत नाही.

कोऱ्या पट्ट्यांचे तसे नाही. होडी उचलून किंवा सरकवून फळ्यांखालचा भाग रंगवणे हे यार्डाचेच काम होते. त्याचा पाण्यात उतरवण्याच्या मुदतीशी संबंध नाही. रक्कम लहान असेल, पण ही मागणी सोडू नका.

अटच अन्यायकारक म्हणून रद्द करून मागू नका. तसा दावा जिल्हा ग्राहक आयोगाच्या कक्षेत येत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. आहे ती अट यार्डाच्या वागण्याशी ताडून पाहा. तुम्ही शिवोलीत राहता, म्हणून उत्तर गोवा जिल्हा आयोगात तक्रार करता येईल, आणि पाच लाखांपर्यंतच्या बिलाला शुल्क नाही. होडी पर्यटकांना भाड्याने देत असाल तर तेही कळवा, त्याने तुमचे ग्राहक असणेच वादात येऊ शकते.

कलम 69 प्रमाणे तक्रारीला दोन वर्षे मिळतात. यार्ड ती मे महिन्यापासून मोजेल, तुम्हीही तशीच मोजा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘बघतो, करतो’ने मुदत वाढत नाही, नोटिशीनेही नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण द्यावे लागते, आणि नुसते वाट पाहत बसणे हे कारण नव्हे.

तक्रारीतच रंगाचा नमुना कलम 38 खाली सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवण्याची विनंती करा. अशा तपासणीसह पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात आयोगांकडून तसे होताना क्वचितच दिसते आणि त्याचा मलाही संताप येतो. तोवर होडी ट्रेलरवर अडकू नये म्हणून नमुना घेऊन झाला की आयोगाची परवानगी मागा आणि मगच नवा रंग द्या.