पान आपोआप गळत नाही

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शहर बदललं, काम सुटलं, ज्यांच्याशी रोज बोलायचास ती माणसं लांब गेली, आणि हे सगळं तीन महिन्यांत. आता महिनाअखेरपर्यंत पुढच्या पाच वर्षांचं ठरवून टाकायचं म्हणतोस. नव्या कामाला हो म्हणू का, या तुझ्या प्रश्नाकडे येतेच, पण त्याआधी तुझ्या एका वाक्याला माझी हरकत आहे. 'बाहेर पानगळ चालू आहे, माझंही तसंच झालंय, सगळं आपोआप गळून चाललंय,' असं तू लिहिलंस.

पान आपोआप गळत नाही रे.

भर उन्हाळ्यात मोडून लोंबकळणारी एखादी फांदी तू पाहिली असशील. पुढे त्याच झाडाची बाकीची पानं खाली येतात, पण मोडक्या फांदीवरची सुकलेली पानं कितीतरी महिने तशीच खुळखुळत राहतात. कारण पान सोडणं हे जिवंत पेशींचं काम आहे. देठ फांदीला जुळतो तिथे पेशींचा एक नाजूक थर असतो. वेळ आली की झाड तो थर सैल करतं, पान सुटतं, आणि मागे बुचासारखं आवरण तयार होऊन जखम बंद होते. मेलेल्या फांदीला यातलं काहीच जमत नाही. ती पानं घट्ट धरून बसलेली नसते, तिला ती सोडताच येत नाहीत.

आणि सोडण्याआधी झाड आपलं जे आहे ते परत घेतं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. पानातलं हरितद्रव्य मोडलं जातं, प्रथिनं सुटी होतात, नत्र आणि स्फुरद फांदीत, खोडात, मुळांत माघारी जातात. पुष्कळ झाडांत पानातल्या नत्राचा साधारण निम्मा भाग असा वाचवला जातो. आपल्याला बाहेरून दिसतो तो फक्त रंग. पिवळा तर पानात पहिल्यापासूनच होता, हिरव्याखाली झाकलेला. लाल मात्र बहुतेक वेळा नव्याने तयार होतो, अगदी जाता जाता. तो कशासाठी, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. एक मत असं आहे की हे आवरायचं काम चालू असताना तो पानाला कडक उन्हापासून जपतो. मला ते मत आवडतं. आवरायलाही सावली लागते.

मी एकतीस वर्षांची असताना एक नोकरी एका दुपारी सोडली. माझ्या दोन वर्षांच्या कामाचं श्रेय दुसऱ्या कुणाला दिलं गेलं होतं. राग खरा होता, तो आजही मला चुकीचा वाटत नाही. पण मी तिथून सुटले नाही, मोडले. पुढची सात वर्षं त्या दुपारची बैठक मी भेटेल त्याला सांगत होते, तेच शब्द, त्याच क्रमाने. मग एका संध्याकाळी, दिवस लहान होत चालले होते तेव्हा, सहज कागद घेऊन बसले आणि तिथून काय काय आणायचं राहिलं ते लिहायला लागले. पहिलीच गोष्ट आठवली ती एका वयस्क सहकाऱ्याची. वर्गात प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, मगच पुढचं बोलायचं, हे मला त्यांनी शिकवलं होतं. रागापायी मी तेही तिथेच टाकून आले होते. तुमच्या वर्गात मी ते रोज केलं. माझी ती शांतता तुला आठवत असेल.

तेव्हा तूही कागद घे. काय गमावलं याची यादी तू पत्रात केलीच आहेस. आता तिच्यातल्या एकेका ओळीपुढे लिही, यातलं माझं काय आहे जे मला माघारी न्यायचंय. एका बैठकीत होणार नाही. रोज एक ओळ झाली तरी पुष्कळ.

पानगळीचा काळ संथ असतो असं आपण धरून चालतो, पण आकाशाचा हिशोब उलटा आहे. उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरच्या सुमाराला दिवस सगळ्यात वेगाने आखडत असतो (दक्षिणेत हेच मार्चमध्ये घडतं). ५० अक्षांशावर रोज तीन-चार मिनिटं, म्हणजे आठवड्याला जवळजवळ अर्धा तास. डिसेंबरच्या अयनाजवळ, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या सुमाराला, हाच फरक काही सेकंदांवर येतो. झाडांना रात्रीची ही वाढती लांबी कळते, आणि त्या खुणेवर पुष्कळ झाडं नवीन वाढ थांबवतात. तुझे आत्ता तेच दिवस आहेत. म्हणून सहा आठवडे मोठं काही ठरवू नकोस. रोज एकाच वाटेने, एकाच वेळी, फोन घरी ठेवून चालत जा. वाट तीच ठेव, म्हणजे काय बदललं ते दिसेल.

दोन गोष्टी मात्र या सल्ल्यात बसत नाहीत. कुठे तुला कुणी इजा करत असेल, अपमान रोजचा झाला असेल, तर ऋतूची वाट बघायची नाही, त्याच दिवशी निघायचं. दुसरं, उजेड कमी झाला की काहींना खरोखरचं नैराश्य येतं. १९८४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन करून त्याला नाव दिलं, आणि त्यावर उपचार आहेत. झोप फार वाढली, कशातच मन लागेना, आणि असे दोन आठवडे गेले, तर डॉक्टरांकडे जा. तिथे कागद आणि चालणं पुरत नाही.

आता तुझा प्रश्न. नव्या कामाला हो म्हणू का? त्यांना सरळ लिही की मला सहा आठवडे हवेत. कारण सांगायची गरज नाही. दिले तर छानच. नाही दिले तर त्या रात्री मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. हो म्हणायचं की नाही ते बोलून बघू, पण एकट्याने रात्रीत उत्तर धाडू नकोस.

आणि चालताना हाताशी येईल अशी एखादी रिकामी फांदी दिसली तर जवळून बघ. पान सुटल्याची खूण सापडेल, आणि तिच्या लगेच वर एक बारीक डोळा, पुढच्या पालवीचा. तो पान पडल्यावर आलेला नसतो, पान हिरवं होतं तेव्हापासून त्याच्या बगलेत तो तयार होत होता. कुठल्या झाडाचा दिसला, ते पुढच्या पत्रात लिही.

तुझी,
बाई