बॉनव्हिल की सीबी ७५०?

प्रश्न: मला दोन जुन्या मोटरसायकली सांगून आल्या आहेत. एक १९६६ची ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२०, दुसरी १९७३ची होंडा सीबी ७५०. दोन्ही चालू आहेत. दर रविवारी लांब फिरायचं आणि किरकोळ काम घरीच करायचं, असा बेत आहे. कागदावर होंडा वरचढ दिसते, पण जाणकार मित्र ट्रायम्फच घे म्हणतात. कोणती घेऊ?

उत्तर: दर रविवारी लांब जाणार असाल तर होंडा घ्या. दोन्हींची इंजिनं मी उघडली आहेत. माझा जीव ट्रायम्फवर आहे, तरी तुम्हाला हेच सांगेन.

ट्रायम्फची ४६ अश्वशक्ती आणि होंडाची ६७ ही तुलना बाजूला ठेवा. ६४९ सीसीच्या बॉनव्हिलचे दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात नि एकदमच खाली येतात. त्यामुळे वेग वाढला की हँडलपासून फुटरेस्टपर्यंत सगळं थरथरतं आणि नटबोल्ट सैल होतात. होंडाच्या चारांपैकी दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, त्यामुळे मोठे धक्के आपसातच जिरतात. हातांना बारीक झिणझिण्या जाणवतात, तेवढंच.

त्याहून महत्त्वाचं आहे ते ऑइल. ट्रायम्फला ऑइल गाळायला नुसती जाळी आहे. बारीक गाळ क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, पोटातल्या नळीत साठत जातो. तिला स्लज ट्रॅप म्हणतात. ती तुंबली की बिग एंडला, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणाऱ्या बेअरिंगला, ऑइल पोचत नाही आणि इंजिन बसतं. शिवाय ती साफ करायची तर इंजिन पूर्ण खोलावं लागतं. म्हणून विकणाऱ्याला सगळ्यात आधी विचारा, स्लज ट्रॅप कधी काढला होता? उत्तर गोलमोल आलं तर इंजिन खोलण्याचा खर्च धरूनच भाव करा. होंडाला बदलता येणारा फिल्टर आहे, तोही इंजिनाच्या पुढ्यातच.

बटणस्टार्ट आणि पुढचा डिस्क ब्रेक होंडाकडे आहेत. ट्रायम्फला किक आणि ड्रम ब्रेक. गिअर उजव्या पायात, मागचा ब्रेक डाव्या पायात. सवय नसेल तर ऐनवेळी पाय चुकतो, हे हलक्यात घेऊ नका.

होंडाही नीट तपासा. चारही सायलेन्सर आतून गंजतात, ते खालून चाचपून बघा. सुरुवातीच्या गाड्यांत चेन तुटून क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, फुटायची. चेनच्या पुढच्या दातेरी चाकामागे (स्प्रॉकेटमागे) वेल्डिंगची खूण आहे का ते पाहा. स्क्रू जपानी मापाचे आहेत, साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर लावलात तर डोकी झिजतील. चार कार्बोरेटर एका तालावर आणायला व्हॅक्युम गेज, म्हणजे हवेची ओढ मोजणारे काटे, लागतील. इंजिन आणि चासी नंबर जुळत नाहीत म्हणून होंडा नाकारू नका, कारखान्यातूनच ते वेगळे येत. ट्रायम्फचे मात्र जुळलेच पाहिजेत.

मित्रांचंही खोटं नाही. बॉनव्हिल पन्नासेक किलोंनी हलकी आहे, वळणांच्या रस्त्यावर नुसत्या मनात आणताच झुकते, आणि कमी आरपीएमला जी ओढ देते ती मला होंडात कधी मिळाली नाही. रविवारी जवळच फिरून उरलेला दिवस पान्हे घेऊन बसण्यात तुम्हाला आनंद असेल, तर माझं उत्तर बदलेल.

कोणतीही बघायला जा, पण इंजिन थंडच ठेवायला सांगा आणि स्वतः सुरू करा. गरम इंजिन तयार ठेवलेलं दिसलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.