वाचकांचे प्रश्न : पाण्यातलं फ्लोराइड आणि मुलांचे दात

प्रश्न : गावच्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला ३ मिलिग्रॅम निघालं. शाळेतल्या बऱ्याच मुलांच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. पाणी उकळून द्यावं का? आणि अमेरिकेत हेच फ्लोराइड पाण्यात मुद्दाम घालतात, ते कसं?
— एक शिक्षिका, केळापूर तालुका (यवतमाळ)

उत्तर : उकळू नका. वाफ होते ती पाण्याची, फ्लोराइड भांड्यातच राहतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. कँडलचा फिल्टर आणि यूव्ही यांनीही ते जात नाही, आरओने जातं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दुसरं पाणी शोधणं. कठीण खडकात फार काळ मुरलेल्या खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त उतरतं. त्याच गावातल्या उथळ विहिरीत ते बरंच कमी असू शकतं, म्हणून प्रत्येक स्रोत वेगळा तपासा. पंप काही मिनिटं हापसून मगच नमुना घ्या, तोही प्लास्टिकच्या बाटलीत; काचेशी फ्लोराइडची प्रक्रिया होते. भारतीय मानकाची मर्यादा १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. पिण्या-स्वयंपाकापुरतं पाणी बदललं तरी पुरे, धुण्याभांड्यांना हातपंपाचं चालेल. पत्र्यावरून नीट साठवलेल्या पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळपास नसतंच.

दुसरं पाणी नसेलच, तर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत घरी करता येते. ४० लिटरची बादली घ्या, तोटी तळापासून चार-पाच सेंटिमीटर वर हवी. चुना आणि ब्लीचिंग पावडर मिसळा, मग तुरटीचं द्रावण घालून दहा मिनिटं हळूहळू ढवळा, तासभर निवळू द्या आणि वरचं पाणी तोटीने काढा. चुना तुरटीच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतका लागतो. तुरटी किती, हे फ्लोराइडवर आणि पाण्याच्या अल्कलिनिटीवर (आम्ल शोषून घेण्याच्या क्षमतेवर) ठरतं, त्यामुळे दोन्ही आकडे प्रयोगशाळेकडून घ्या. गडबड होते ती इथेच. शेजारणीचं प्रमाण आपल्या पाण्याला लागू पडत नाही. तुरटी कमी पडली तर फ्लोराइड राहतं, जास्त झाली तर अॅल्युमिनियम पाण्यात उतरतं. जोरात ढवळलं की धरलेला गाळ फुटतो आणि बसत नाही. खाली बसलेला गाळ विहिरीजवळ ओतू नका, त्यातच सगळं फ्लोराइड असतं.

मुलांच्या दातांवरचे पट्टे घासून जाणार नाहीत. दात हिरडीत तयार होत असतानाच ते पडतात; पुढच्या कायमच्या दातांसाठी हा काळ साधारण आठ वर्षांपर्यंतचा. म्हणून चांगलं पाणी आधी अंगणवाडीतल्या पोरांना मिळू द्या.

आता अमेरिका. कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये असेच तपकिरी दात दिसत. कारण फ्लोराइड, हे १९३१ मध्ये कळलं. पण असे दात किडत कमी, हेही लक्षात आलं. मग डाग जेमतेम पडतील आणि कीड मात्र कमी होईल असं प्रमाण शोधून मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात २५ जानेवारी १९४५ पासून पाण्यात फ्लोराइड घालू लागले. २०१५ पासून तिथली शिफारस लिटरला ०.७ मिलिग्रॅमची आहे. तुमच्या पंपात त्याच्या चौपटीहून जास्त आहे.

प्रश्न : आम्ही सॉल्ट लेक सिटीत राहतो. इथे पाण्यात फ्लोराइड घालणं बंद झालं. मुलगी दोन वर्षांची आहे, काय करावं?
— एक वाचक, युटा

उत्तर : युटाने २०२५ मध्ये राज्यभर मनाई केली, अशी मनाई करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. कॅनडात कॅलगरीने २०११ मध्ये फ्लोराइड थांबवलं, मुलांचे दात जास्त किडू लागले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू केलं. आमच्या मते तुमची काळजी रास्त आहे, पण घाबरण्यासारखं नाही. दिवसातून दोन वेळा १००० पीपीएम फ्लोराइडची (हा आकडा ट्यूबवर असतो) पेस्ट लावा, तांदळाच्या दाण्याएवढीच. तेवढ्यात फ्लोराइड ०.१ मिलिग्रॅमच असतं, गिळली तरी बिघडत नाही. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. दर तीन ते सहा महिन्यांनी दंतवैद्याकडून फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) लावून घ्या. गोळ्या किंवा थेंब मात्र दंतवैद्याला विचारल्याशिवाय नकोत. आणि दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवत असाल तर आधी ते थांबवा.

प्रश्न : घरी आरओ आहे. फ्लोराइड पूर्ण जात असेल तर मुलांचे दात किडतील का?
— पुणे

उत्तर : धरणाच्या पाण्यात ते सहसा आधीच कमी असतं, आरओने फारसा फरक पडत नाही. फ्लोराइडचं मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावरच होतं, त्यामुळे ‘फ्लोराइडमुक्त’ पेस्ट टाळा. रात्री घासल्यावर मुलांना थुंकू द्या, पण खळखळून चूळ भरायला लावू नका; पेस्टचा पातळ थर दातांवर राहायला हवा.