आधी स्की रिसॉर्टवर धडपडून घ्या

बॅककंट्री स्कीइंगचा, म्हणजे रिसॉर्टबाहेरच्या मोकळ्या डोंगरात स्की करण्याचा क्लास शोधताय, पण खराब बर्फातही मध्यम उतार न पडता उतरता येतो का? नसेल तर हा हंगाम रिसॉर्टवरच काढा. पुढे दोन कोर्स लागतात: एक स्कीच्या तळाला स्किन (मागे घसरू न देणारी पट्टी) लावून चढण्याचा, दुसरा हिमस्खलनाचा. दुसरा टाळू नका. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे नेमकी मजा येते तिथेच! गाडल्या गेलेल्या माणसाला 10-15 मिनिटांत काढलं तरच खरी आशा. तेवढ्यात बचाव पथक पोहोचत नाही, सोबत्यांनाच खणावं लागतं. म्हणून प्रशिक्षकाला थेट विचारा, ट्रान्सीव्हरने (गाडलेल्याचा सिग्नल पकडणाऱ्या यंत्राने) शोधण्याचा सराव किती वेळा करून घेता? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा शोधा. स्की सुरुवातीला भाड्याने चालतील, बूट मात्र मापाचेच हवेत.