वाचकांचे प्रश्न : शांततेची गाणी गुळचट का वाटतात?

प्रश्न : आमच्या पिढीने बीटल्सची आणि जॉन लेननची गाणी कॅसेटी झिजेपर्यंत ऐकली. आता तीच गाणी ऐकताना त्यांतला शांततेचा आणि प्रेमाचा उपदेश फार गुळचट वाटतो. युद्धे तर थांबली नाहीतच. अशा गाण्यांना भाबडेपणापलीकडे काही अर्थ असतो का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, मात्र हा गोडवा बराचसा जाणूनबुजून आणलेला असतो. २५ जून १९६७ रोजी उपग्रहाद्वारे अनेक देशांत एकाच वेळी दाखवल्या गेलेल्या ‘अवर वर्ल्ड’ या कार्यक्रमात बीटल्सनी ब्रिटनच्या वतीने ‘ऑल यू नीड इज लव्ह’ सादर केले, तेव्हा इंग्रजी न येणाऱ्यालाही सहज उमगेल असे सोपे गाणे हवे, हीच अपेक्षा होती. ती पूर्ण झाली, पण कोणी कोणावर प्रेम करायचे आणि कोणते युद्ध थांबवायचे, हे प्रश्न गाण्याबाहेरच राहिले. त्याच महिन्यात झालेल्या अरब-इस्राएल युद्धावरील पाश्चात्त्य देशांच्या भूमिकेचा निषेध म्हणून सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातील काही देश या कार्यक्रमातून ऐनवेळी बाहेर पडले होते, याचा मागमूसही गाण्यात नाही.

ज्या गाण्याला कोणाशीच वाकडे घ्यायचे नसते, ते कोणालाही आपलेसे करता येते. १९७१ मध्ये कोका-कोलाने इटलीतील एका टेकडीवर देशोदेशींचे तरुण हातात बाटल्या देऊन उभे केले आणि साऱ्या जगाला एका सुरात गायला लावण्याची इच्छा त्यांच्या तोंडी घातली. जाहिरात इतकी आवडली, की पेयाचे नाव वगळून त्याच चालीचे गाणे ‘द न्यू सीकर्स’ या गटाने गायले आणि तेही तुफान खपले. नाव गाळल्यावर जाहिरातीचे शांतिगीत होण्यात काहीच अडचण आली नाही, हे मला त्या गाण्यावरचे सर्वांत कठोर भाष्य वाटते.

तरीही सगळ्यांना एका मापाने मोजू नये. १ जून १९६९ रोजी माँट्रियलमधील हॉटेलच्या खोलीत लेनन आणि त्यांच्या पत्नी योको ओनो यांनी युद्धाच्या निषेधार्थ पलंगावर बसून, भोवती जमलेल्या मित्रमंडळींच्या आणि पाहुण्यांच्या साथीने ‘गिव्ह पीस अ चान्स’ ध्वनिमुद्रित केले. त्याची कडवी म्हणजे नावांची आणि वादांची खिचडी आहे. लोकांच्या ओठी राहते ते केवळ धृपद. ते धृपदही मोघमच आहे. पण त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये लोटलेल्या प्रचंड जनसमुदायाकडून अमेरिकी लोकगायक पीट सीगर यांनी ते गाऊन घेतले, तेव्हा त्याला नेमकेपणा आला. कारण समोर निक्सन यांचे सरकार होते आणि सैन्य परत आणा, ही मागणी स्पष्ट होती. गाण्यात नसलेला पत्ता गाणाऱ्यांनी त्यावर लिहिला.

अमेरिकी गायक मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) या गाण्यात तो पत्ता मुळातच आहे. गाण्याची पहिली कल्पना ‘फोर टॉप्स’ या गायक-गटातील रेनाल्डो बेन्सन यांना कॅलिफोर्नियातील बर्कलीत निदर्शकांवर झालेला पोलिसी अत्याचार पाहून सुचली, आणि गे यांचे सख्खे भाऊ व्हिएतनाममधून जे पाहून परतले, त्याची वेदना त्यात उतरली. प्रेमाचे आवाहन येथेही आहे आणि चालही मृदू आहे. मात्र आई, भाऊ, वडील अशी घरातल्या माणसांना घातलेली साद ऐकताना कोणाची मुले मरत आहेत, हे विसरता येत नाही. हे गाणे चालणार नाही, असे गे यांची गाणी काढणाऱ्या मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीचे प्रमुख बेरी गॉर्डी यांना वाटत होते. त्यांचा अंदाज साफ चुकला. तेव्हा आपली नाराजी गोडव्यावर नको, मोघमपणावर असावी.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांकडून लेनन यांचे ‘इमॅजिन’ बसवून घ्यावे, असा आमचा विचार आहे. निरुपद्रवी गाणे म्हणून ते योग्य ठरेल ना? (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : गाणे जरूर बसवा, पण निरुपद्रवी म्हणून नको. स्वर्ग, देश, धर्म आणि खासगी मालमत्ता यांपैकी काहीही नसलेल्या जगाची कल्पना करा, असे ते सांगते. आपला धर्मविरोधी आणि राष्ट्रवादविरोधी आशय साखरेत घोळल्यामुळेच लोकांनी स्वीकारला, असे लेनन यांनी स्वतःच म्हटले होते. ऑलिंपिकच्या सोहळ्यांत, जेथे खेळाडू आपापल्या देशाचा झेंडा घेऊन चालतात, तेथे हे गाणे वारंवार गायले गेले आहे. ती साखर किती चांगली चढली होती, हे यावरून कळावे. ज्या आलिशान इस्टेटीवरील घरात लेनन यांनी ते ध्वनिमुद्रित केले, तिच्यावरून त्यांना दांभिक ठरवणारेही पुष्कळ आहेत. मोठ्या वर्गातील मुलांना आधी अर्थ समजावून द्या आणि मालमत्तेच्या कडव्यावर त्यांना मनसोक्त वाद घालू द्या. पालकांपैकी कोणी धर्माच्या ओळीला हरकत घेतली, तर त्यांनी गाणे नीट ऐकले आहे, असे समजून त्यांच्याशी बोला.